कॅरिअकूचा घरबांधणी फंड: पुण्यातून पैसे दिले, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पण लिहिते, कारण ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलंय की पुण्यात बसून इतक्या लांबच्या बेटावरच्या फंडाला पैसे देणं सेफ आहे का आणि खरंच कोणाचं घर उभं राहतं का. राहतं. मी पावत्या बघितल्यात, कामाचे फोटो बघितलेत, आणि माझी भाची तिथे प्रत्यक्ष जाऊन आलीये. मी सीएच्या ऑफिसात काम करते त्यामुळे हिशोब बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ह्या लोकांचा हिशोब बघून मला बरं वाटलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

फंडाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. त्यांनी स्वतःच देणगीदारांना सांगितलंय की लिंक इकडे तिकडे फॉरवर्ड करू नका, वादळानंतर अशाच नावांची खोटी पेजेस निघतात आणि लोकांचे पैसे जातात. ज्यांना खरंच द्यायचंय त्यांनी मला मेसेज करा, मी पाठवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅरिअकू हे वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा देशाचं छोटं बेट, सगळं मिळून साधारण ३४ चौरस किलोमीटर. १ जुलै २०२४ ला बेरिल नावाचं हरिकेन थेट ह्याच बेटावर आलं. कॅटेगरी ४ (सगळ्यात वरची ५), वारा ताशी २०० किलोमीटरच्या वर. दुसऱ्या दिवशी तर ते कॅटेगरी ५ झालं, अटलांटिकमध्ये इतक्या लवकर, सीझनच्या सुरुवातीलाच एवढं मोठं वादळ नोंदीत आधी कधीच नव्हतं, तिथला सीझन १ जूनला सुरू होतो आणि खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरला असतो. ग्रेनाडाचे पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं होतं की अर्ध्या तासात कॅरिअकू सपाट झालं. शंभरातल्या नव्वदच्या वर घरांचं काही ना काही नुकसान, कित्येकांचं तर जोतं तेवढं राहिलं. शेजारचं युनियन आयलंड, ते सेंट व्हिन्सेंट देशात येतं, त्याची पण हीच गत.

माझी भाची ग्रेनाडाच्या मोठ्या बेटावर मेडिकलला आहे. ती दक्षिणेला राहते, तिकडे त्या मानाने कमी झालं, त्यामुळे ती सुखरूप होती, पण तिच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवण बनवणाऱ्या मावशी मूळच्या कॅरिअकूच्या, त्यांच्या बहिणीचं घर गेलं, आणि त्यांच्याकडूनच हा फंड कळला. बेटावरच्याच लोकांनी, म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, दोन सुतार, एक इंजिनियर आणि लंडन-न्यूयॉर्कला गेलेले त्यांचे नातेवाईक अशांनी मिळून चालवलेला. मोठी संस्था नाही, ऑफिस नाही, गाड्यांवर स्टिकर नाहीत.

आता मुद्द्याचं. मला ह्या फंडाबद्दल सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ते पत्रे वाटून मोकळे होत नाहीत, ते पूर्ण छप्पर करून देतात. आणि छप्पर म्हणजे तिकडे काय असतं ते भाचीने फोनवर सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती म्हणाली, मावशी, कॅरिअकूला एकही नदी नाही गं, ओढा पण नाही, घराघरात सिमेंटची टाकी असते आणि छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्या टाकीत जातं, तेच वर्षभर प्यायचं, तेच धुणंभांडी. समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, पण बहुतेक घरांची मदार छपरावरच. म्हणजे छप्पर उडालं की डोक्यावरचं गेलं आणि पाणी पण गेलं, एकाच वेळी. उरलेल्या टाकीत खारं पाणी, पालापाचोळा, पत्र्याचे तुकडे. मग ताडपत्री टाकून कसं भागेल? ताडपत्रीखाली माणूस झोपू शकतो पण ताडपत्रीवरचं पाणी धड टाकीत जात नाही. म्हणून हे लोक छप्पर, पन्हळ आणि टाकी हे तिन्ही एकच काम समजून करतात, टाकी उपसायची, घासायची, तडे बुजवायचे, झाकण बसवायचं, मगच घर पूर्ण झालं असं लिहितात. सुरुवातीला टाकीचं काम त्यांच्या यादीत नव्हतं, पहिल्या काही घरांनंतर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मागे जाऊन त्या आधीच्या घरांच्या पण टाक्या केल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, मागे जाऊन करणं.

दुसरं, कामाचा दर्जा. आमचं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, त्यामुळे पत्रा उडणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याकडेच किनाऱ्याला लागलं, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कौलं गेली, पत्रे तर शेजारच्या वाडीत सापडले. नंतर पुण्या-मुंबईहून खूप मदत आली, लोकांनी मनापासून केली, ट्रक भरभरून पत्रे आले. पण पत्रे ठोकले कसे? जुन्याच वाशांवर, जुन्याच पद्धतीने, मिळतील त्या खिळ्यांनी, कारण जे-बोल्ट बाजारात मिळत नव्हते आणि पाऊस तोंडावर होता. कोणाला नावं ठेवत नाहीये, त्या वेळी डोकं झाकणं महत्त्वाचं होतं. पण पुन्हा तसाच वारा आला तर तेच पत्रे पुन्हा उडणार हे सगळ्यांना माहीत होतं.

इथे ह्या फंडाने वेगळं केलंय. वादळाचा वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, वरून जाताना ते उचलतो, आणि वळचणीखालून आत शिरला की आतून पण वर ढकलतो. म्हणजे छपराचं वजन खाली कसं तोलायचं एवढा विचार करून भागत नाही, ते खाली बांधून कसं ठेवायचं हे बघावं लागतं. पत्रा रीपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई भिंतीला आणि भिंत पायाला, ही साखळी एका ठिकाणी जरी कच्ची राहिली तरी तिथूनच सुटते. म्हणून ते प्रत्येक वाशाला गॅल्व्हनाइज्ड पट्टी मारतात, हरिकेन स्ट्रॅप म्हणतात तिला, वाशावरून वळवून तुळईला खिळ्यांनी जखडलेली. पत्रा जाड घेतात, २४ गेजचा, २६ चा स्वस्त पडतो पण पातळ असतो. खिळ्याऐवजी वॉशरवाले स्क्रू, आणि कडेला, आढ्याजवळ, वळचणीला ते जवळ जवळ मारतात कारण उचल तिथेच जास्त. शक्य असेल तिथे दुपाखी ऐवजी चौपाखी, म्हणजे चारी बाजूंनी उतरतं छप्पर. वळचण आखूड ठेवतात. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं, म्हणजे पडवी गेली तरी ती घराचं छप्पर सोबत घेऊन जात नाही. हे शेवटचं मला इतकं पटलं की मी आमच्या भावाला फोन करून सांगितलं, कारण निसर्गमध्ये आमचं अगदी तसंच झालं होतं, आधी पडवी उचलली गेली आणि मग तिच्यामागून सगळं.

एक फोटो सांगते. एका घराचा कामाचा अपडेट आला होता, त्यात एका वाशाचा जवळून काढलेला फोटो, पट्टीवर सुताराचा अंगठा, लाकडावर खडूची खूण. पट्टीला जितकी भोकं तितके खिळे हवेत, तर एका भोकात खिळा नव्हता आणि त्याभोवती निळ्या पेन्सिलने गोल केलेला. खाली इंजिनियरबाईंनी लिहिलं होतं, हे पूर्ण झाल्याशिवाय पत्रा चढवायचा नाही. पुढचा फोटो त्याच वाशाचा, खिळा मारलेला, निळा गोल तसाच. मी आयुष्यात देणग्यांचे खूप रिपोर्ट बघितलेत ऑफिसच्या कामात, चकचकीत कागदावर छापलेले, हसऱ्या मुलांचे फोटोवाले, पण एका खिळ्यासाठी काम थांबवलेलं मी कुठल्याच रिपोर्टात बघितलं नव्हतं. त्या फोटोनंतर मी दर महिन्याला द्यायला लागले.

तसल्या पट्ट्या आपल्याकडे मिळतात का म्हणून मी भवानी पेठेत टिंबर मार्केटला विचारून आले. दुकानदार म्हणाले, ताई, अशी तयार पट्टी आपल्याकडे कोणी मागत नाही, वेल्डरकडून वाकवून घ्या आणि वरून गॅल्व्हनाइज करून घ्या. घेतल्या करून, श्रीवर्धनच्या घराला लावल्या. कोकणात ज्यांची घरं आहेत त्यांनी पावसाच्या आधी हे बघाच, खर्च पत्र्यांच्या मानाने किरकोळ आहे.

माणसं पण चांगली मिळालीयेत त्यांना. कॅरिअकूला विंडवर्ड नावाचं गाव आहे, तिथे लाकडी बोटी बांधायची जुनी परंपरा, २०२३ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत पण गेली ती. फंडातले सुतार त्याच घराण्यातले, लाकडाचा सांधा कसा करायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. ते स्वतः बेघर झालेले होते आणि मजुरी घेऊन दुसऱ्यांची घरं बांधत होते, ह्यात मला काही गैर वाटत नाही, उलट पैसा बेटावरच राहतो. बाहेरून फुकट स्वयंसेवक आणायचे, त्यांच्या विमानाचा आणि राहण्याचा खर्च करायचा, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता कागदपत्रांचं, कारण मला सगळ्यात जास्त धास्ती ह्याचीच होती. तिथे फॅमिली लँड असा प्रकार असतो, म्हणजे जमीन पणजोबांच्या नावावर, वाटण्या कधी झाल्याच नाहीत, अर्धे वारस परदेशात. कोकणातल्या कोणालाही हे ऐकून लगेच कळेल, आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की आत्याच्या नातवंडांना शोधत बसावं लागतं. आता असं घर पडलं आणि मदत देणारा म्हणाला मालकीचा कागद आणा, तर म्हातारी बाई कुठून आणणार? निसर्गच्या वेळी पण नाव कोणाचं, राहतो कोण, ह्यावरून भरपाई अडकलेली मी बघितलीये. फंडाने तोडगा असा काढला की मालकीऐवजी राहण्याचा पुरावा घ्यायचा, शेजारच्या घरांच्या सह्या, चर्चमधली किंवा शाळेतली नोंद, आणि बाकीच्या वारसांकडून एवढंच लिहून घ्यायचं की ही व्यक्ती इथे राहील, आमची हरकत नाही. लंडनला असलेल्या वारसांच्या सह्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवल्या. वेळ लागतो पण घर बांधल्यावर भांडण लागत नाही. पुण्यात आपण हे बघितलेलं आहे, १९६१ ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांना गोखलेनगर वगैरे भागात घरं मिळाली, पण जागेच्या मालकीचा प्रश्न पुढच्या पिढ्यांनी पण ओढला. घर देताना कागदाचा विचार त्याच वेळी झाला पाहिजे, नंतर कोणाला वेळ नसतो.

सरकार काय करतंय असं पण एकीने विचारलं होतं. सरकारला विम्याचे पैसे मिळाले, कॅरिबियन देशांनी मिळून २००७ पासून एक विमा योजना चालवलीये, सीसीआरआयएफ नावाची, त्यात वाऱ्याचा वेग वगैरे ठरलेल्या मापाच्या वर गेला की पंचनाम्याची वाट न बघता पैसे मिळतात, ग्रेनाडाला बेरिलनंतर साधारण ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. शिवाय त्यांच्या कर्जरोख्यांमध्येच अट घातलेली होती की हरिकेन आलं तर हप्ते पुढे ढकलता येतील, ती त्यांनी वापरली. पण तो पैसा सगळ्या देशाचा, त्यात रस्ते आहेत, वीज आहे, शाळा आहेत, कॅरिअकूचं हॉस्पिटल आहे. बेटावरच्या साध्या घरांचा विमा बहुतेक नसतोच, हप्ता परवडत नाही. त्या दरीत असे छोटे फंड उभे राहतात.

पैसे पाठवायचं कसं, हे नीट वाचा. परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात ८०जी ची सूट मिळत नाही, पावती कितीही छान असली तरी नाही, कोणी मिळते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. व्यक्ती म्हणून तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस ह्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकता, त्यात देणगी बसते, बँकेत ए-२ फॉर्म भरायचा आणि पॅन द्यायचा. वर्षाला एकूण १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापते तो कर, लागत नाही, आपल्यासारख्यांचा तिथपर्यंत प्रश्नच येत नाही. मी पहिल्यांदा बँकेतून पाठवले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने देणगीऐवजी कुटुंबाच्या खर्चाचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड, टाकला होता, ते बदलून घ्यायला परत रांग लावावी लागली, तर फॉर्म सबमिट करण्याआधी कोड स्वतः वाचा. शिवाय मधली बँक आपला चार्ज कापून घेते त्यामुळे छोटी रक्कम बँकेतून पाठवणं परवडत नाही. दोन-तीन घरांनी मिळून एकत्र नका पाठवू, नावांचा घोळ होतो, त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या कार्डावरून द्या, फक्त अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल पेमेंट चालू करा आणि झालं की लगेच बंद करा. तिकडचा हिशोब ईस्ट कॅरिबियन डॉलरमध्ये असतो, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे, त्यामुळे त्यांच्या शीटशी आपली रक्कम जुळवणं सोपं जातं.

आता तो कापलेला स्टार. भाडेकरू. ह्या फंडात जे स्वतःच्या किंवा घराण्याच्या घरात राहत होते त्यांनाच मदत आहे. जे भाड्याने राहत होते, हिल्सबरो ह्या बेटावरच्या मुख्य गावात दुकानांच्या वरच्या खोल्यांमध्ये, किंवा टायरेल बे ह्या बंदराला बोटीवर काम करून एखाद्या खोलीत, त्यांच्यासाठी काहीच नाही. घरमालकाचं छप्पर झालं की तो नवीन भाडं सांगतो आणि जुना भाडेकरू बाहेर. मी ह्याबद्दल ईमेल केला तर उत्तर आलं, प्रामाणिक होतं, की मान्य आहे, आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत आणि काय करावं ते ठरलेलं नाही. प्रामाणिकपणा ठीक आहे, पण माझं म्हणणं आहे की घरमालकाला छप्पर करून देतानाच लिहून घ्या की जुना भाडेकरू जुन्याच भाड्यात ठरावीक काळ राहील. फुकट छप्पर मिळतंय, एवढी अट घालायचा हक्क फंडाला आहे. मी हे पुन्हा लिहिलंय आणि लिहीत राहणार.

बाकी बारीक तक्रारी म्हणजे पावती उशिरा येते, वेबसाइट मोबाईलवर धड उघडत नाही, आणि चालवण्याचा खर्च किती हे मागितल्यावर दिलं, आधीच टाकायला हवं होतं. दिलं ते मात्र पूर्ण दिलं, बोटीच्या भाड्यापासून स्क्रूच्या खोक्यापर्यंत.

आणि ज्या गोष्टीची मला भीती होती ती झाली नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हरिकेन जमैकावर गेलं, कॅटेगरी ५, सगळ्या जगाचं लक्ष तिकडे, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण अशा वेळी जुन्या वादळाचे पैसे आटतात, जुन्या बेटावरचं अर्धं काम तसंच राहतं. ह्या लोकांनी सगळ्या देणगीदारांना लिहिलं की तुम्हाला जमैकाला द्यायचं असेल तर जरूर द्या, आमचा महिन्याचा हप्ता थांबवलात तरी आम्ही समजू, पण कॅरिअकूच्या नावाने आलेला पैसा आम्ही दुसरीकडे वळवणार नाही कारण तो ह्या घरांना कबूल केलेला आहे. सोबत राहिलेल्या घरांची यादी, नावं न देता, गावं आणि कामं तेवढी. लाभार्थींचे फोटो ते कधीच टाकत नाहीत, चेक देतानाचे तर अजिबात नाहीत, हे पण मला आवडतं. ज्याचं घर गेलंय त्याने आपल्यासाठी कॅमेऱ्याकडे बघून हसायची काही गरज नाही.

भाची डिसेंबरच्या सुट्टीत फेरीने हिल्सबरोला जाऊन आली. त्या मेसवाल्या मावशींच्या बहिणीच्या घरी जेवली. भाचीने व्हिडिओ कॉलवर टाकीचं झाकण उघडून दाखवलं, अर्ध्याच्या वर भरली होती, आणि त्या बाईंनी टाकीवर हात ठेवून इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं जे नेटवर्कमुळे मला सगळं ऐकू आलं नाही, पण पाण्याबद्दलच होतं.

देणार असाल तर फॉर्मवर छप्पर, टाकी आणि जिथे गरज तिथे असे तीन पर्याय येतात. माझा सल्ला, जिथे गरज तिथे निवडा, कारण छपराला सगळेच देतात आणि पन्हळीचे पाइप, झाकणं, बोटीचं भाडं ह्याला पैसे कमी पडतात. थोडी रक्कम पण चालते, फक्त शक्य असेल तर दर महिन्याला द्या, म्हणजे सुतारांना पुढच्या महिन्याचं काम कबूल करता येतं. पुढचा सीझन जूनला सुरू होतोय आणि यादीतली घरं अजून बाकी आहेत.